आतला गारवा आणि बाहेरचे ऊन



तासगाव तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र समोर आहे. त्या लिहितात, "भाऊसाहेब, औंदाचा बेदाणा विकून झाला. मुलांना सुट्टी लागली. टीव्हीवर जाहिरात बघून खोपोलीच्या थीम पार्कला चला म्हणून ती हटून बसली आहेत. आमचे मालक म्हणतात, मे महिन्याच्या उन्हात कशाला? मुलं म्हणतात, तिथं आत सगळा एसी आहे, ऊन लागतच नाही. सासूबाईंनी जन्मात असलं काही पाहिलेलं नाही, त्यांनाही न्यावं असं माझ्या मनात आहे. तुमचा सल्ला काय?"

पत्र वाचून प्रथम हसू आले. या सदरात आजवर भुरी झाली, हुमणी झाली, गोठ्यातले गोचीड झाले. आता थीम पार्क! पण विषय थट्टेवारी नेण्यासारखा नाही. हातात चार पैसे आले की सुट्टीत मुलाबाळांना कुठे तरी नेऊन आणावे, ही इच्छा रास्तच आहे. आणि याच बाबतीत गेल्या मे महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो, मग सल्ला.

माझीच चूक

आम्ही माधवनगरचे. घरची आणि भावकीची मिळून पंधरा माणसे, दोन गाड्या करून एका थीम पार्कला गेलो. पार्कचे नाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. रात्री दहाला निघालो. पेठ नाक्यावर चहा झाला आणि पुढे रात्रभर प्रवास. झोप कुणालाच धड लागली नाही. बरोबर माझी थोरली बहीण होती. वय ६८, रक्तदाबाची गोळी चालू. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो.

पार्क उघडला तेव्हा उन्हे चांगलीच वर आली होती. तिकिटाला पैसे बरेच पडले होते, त्यामुळे 'वसूल' करायची घाई प्रत्येकाला. एका दालनात शिरलो की आत थंडगार. पंधरा-वीस मिनिटांत खेळ संपला की बाहेर भट्टी. पुन्हा पुढच्या दालनाच्या रांगेत अर्धा तास, पुन्हा आत गारठा. असे तीन वेळा झाले. दुपारी दोनच्या सुमारास रांगेतच आक्का म्हणाली, "डोळ्यांपुढं अंधारी येतीया रं," आणि खालीच बसली. तोंड पांढरे पडलेले, अंग घामाने चिकट, पोटऱ्यांत गोळे.

तिला सावलीत नेले, पाय उंच केले, तोंडावर-मानेवर पाणी लावले, पदराने वारा घातला. जरा सावरल्यावर विचारले, "आक्का, सकाळपासून पाणी किती प्यालीस?"

"दोन घोट प्याले असंन. आत किती गार हुतं! तहानच न्हाई लागली. आन् प्यालं तर मग जायचं कुठं? अनोळखी ठिकाण, सारखं कुणाला विचारायचं?"

हे ऐकून मला माझीच लाज वाटली. संकरित गाईला दुपारी पाणी कमी पडू देऊ नका, पत्र्याखाली बांधू नका, असे गावोगाव सांगत फिरणारा मी. आणि सख्ख्या बहिणीने सकाळपासून पाणी प्यायलेले नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही. कारण मीही त्या एसीच्या भरवशावर होतो. पुढे साखर-मिठाचे पाणी, दोन तासांची विश्रांती आणि डॉक्टरांची तपासणी यावर निभावले. निभावले, एवढेच.

आक्काला त्या दिवशी नुसत्या उन्हाने गाठले नाही. आतल्या गारव्याने तिला फसवले आणि मग उन्हाने गाठले. कसे ते समजून घेऊ.

गारवा फसवतो कसा?

आपले शरीर उन्हात स्वतःला गार ठेवते ते मुख्यतः घामावर. माठ झिरपतो, झिरपलेले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जाते. अंगाचेही तसेच आहे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली ५८० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता निघून जाते. पण माठात वरून पाणी भरावे लागते, तसे अंगातही भरावे लागते.

एसीच्या दालनात गेले की घाम झटकन वाळतो, अंग सुखावते आणि तहान मंदावते. पण गेलेले पाणी आणि मीठ परत आलेले नसते. वाटते मात्र, की सगळे ठीक आहे. दुसरे असे की उन्हात शरीर कातडीकडे जास्त रक्त धाडते. अशात रांगेत एका जागी उभे राहिले की रक्त पायांत साठते, डोक्याकडे कमी पोचते आणि घेरी येते. म्हाताऱ्या माणसाला आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला ती लवकर येते. काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर काढणाऱ्या असतात. अशांना उन्हाळ्यात प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारून घेणे जरुरीचे आहे. आपल्या मनाने गोळी बंद मात्र करू नये.

तिसरी गोष्ट वेळेची. तापलेले अंग खऱ्या अर्थाने निवायला वेळ लागतो. दिवसातले दोन-तीन तास गार जागेत घालवावेत, असे जागतिक आरोग्य संघटनाही उष्णतेच्या दिवसांसाठी सांगते. पंधरा मिनिटे आत आणि अर्धा तास बाहेर, ही विश्रांती नव्हे.

आपल्याकडे बेदाणा शीतगृहात ठेवणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक आहे. पेटी थंड खोलीतून काढून एकदम दमट हवेत आणली की बेदाण्याला पाणी सुटते, तो चिकट होतो. म्हणून जाणकार माणूस ती टप्प्याटप्प्याने बाहेर आणतो. बेदाण्याला आपण जी सवलत देतो, ती घरच्या माणसांनाही द्यायला काय हरकत आहे?

एसी करतो काय?

पुष्कळांना वाटते की एसी गारवा तयार करतो. तसे नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. रहाटाने विहिरीतले पाणी वर काढावे, तसा हा उष्णतेचा रहाट समजा. दालनाच्या मागच्या बाजूला गेलात तर गरम वाफारा अंगावर येतो, तो आतून उपसलेल्या उष्णतेचाच. शिवाय आतल्या हवेतला ओलावाही तो काढून टाकतो. नळीतून ठिबकणारे पाणी म्हणजे तो ओलावा.

'एक टनाचा एसी' यातला टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उपसण्याची ताकद म्हणजे एक टन. वॅटच्या हिशेबात ती साधारण साडेतीन हजार भरते. आता गंमत पाहा. स्वस्थ बसलेले माणूसही जुन्या १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकत असते. दोनशे माणसांनी दालन भरले की २० हजार वॅट झाले. म्हणजे नुसती माणसांच्या अंगाची ऊब काढायला पावणेसहा टन ताकद गेली. वर दिवे, यंत्रे, तापलेले छप्पर आणि सारखा उघडणारा दरवाजा. म्हणून सुट्टीच्या दिवशी भर दुपारी दालन अपेक्षेइतके गार नसते. आणि बाहेरची रांग तर उन्हाचीच. तिथे छत व पंखे असले तरी हवा तीच.

हे यंत्र मुळात माणसासाठी जन्मालाही आले नव्हते. अमेरिकेत ब्रुकलिन इथल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगाची छपाई बिघडे. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने १९०२ साली हवेतला ओलावा आवरण्याची योजना आखली. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ साली स्टुअर्ट क्रॅमर यांनी वापरला, तो सूतगिरण्यांच्या संदर्भात. गिरणीत कोरड्या हवेने धागा तुटतो, म्हणून तिथे हवेत ओलावा राखावा लागतो. माधवनगरात गिरणीत आणि मागावर आयुष्य घालवलेल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको.

थीम पार्कची कहाणीही अशीच. वॉल्ट डिस्ने यांचे डिस्नेलँड कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ रोजी उघडले. त्या दिवशी तिथेही असेच कडक ऊन होते. नवे डांबर इतके मऊ झाले की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. नळ बसवणाऱ्या कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळही पुरेसे चालू झालेले नव्हते. एवढ्या मोठ्या मेळ्यात लोकांना प्रथम काय कमी पडले? पाणी आणि सावली. पुढे १९६३ साली तिथे बोलक्या पक्ष्यांचे एक दालन निघाले, ते वातानुकूलित केले. पक्षी चालवणारी यंत्रे तापू नयेत हे त्यामागचे मोठे कारण होते. कागदासाठी, धाग्यासाठी, यंत्रासाठी गारवा आला आणि मागाहून माणूस त्यात शिरला. यंत्राला तहान लागत नाही, माणसाला लागते. म्हणून आपली काळजी आपणच घ्यायची.

कोकणचे ऊन वेगळे

आपल्याकडे १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड निघाले, तर २०१३ साली रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. पत्रातली मुले म्हणतात ते हेच. तिथले 'मिस्टर इंडिया' किंवा 'आय फॉर इंडिया' यांसारखे गाजलेले खेळ बंद दालनातले, तर मोठे पाळणे उघड्यावरचे. म्हणजे 'सगळा एसी' हे काही खरे नाही.

आता इथे एक मोठा फरक आहे. सांगली-तासगावकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असते. घाम वाळतो, सावलीत बसले की बरे वाटते, पाण्याचा कूलर काम देतो. बोरघाट उतरून खाली गेलात की हवा दमट होते. तिथे पारा आपल्यापेक्षा दोन-चार अंश खालीच असेल, पण घाम वाळत नाही, नुसता निथळतो. आणि न वाळलेला घाम अंग गार करत नाही. कोकणात माठातले पाणी आपल्याइतके गार होत नाही, त्याचेही कारण हेच. म्हणून हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करते, तर किनारपट्टीवर ३७ पासूनच.

१६ एप्रिल २०२३ चा दिवस आठवा. त्याच रायगड जिल्ह्यात खारघरला उघड्या मैदानावर मोठा सोहळा झाला. पारा ३८ च्या आसपास. "आम्ही चाळीस अंशांत भांगलण करतो, ३८ चे काय घेऊन बसलात?" असे आपल्यातला कुणीही म्हणाला असता. पण त्या दिवशीच्या उष्माघाताने १४ माणसे दगावली. आकडा लहान दिसला म्हणून ऊन लहान नसते.

शेतात राबणाऱ्याचे अंग उन्हाला सरावलेले असते हे खरे. पण तो सराव व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. शाळेत बसणाऱ्या पोरांना, पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना आणि घरात असणाऱ्या आजीला तो नसतो. तेव्हा आपल्यावरून त्यांचा अंदाज करू नये.

बैलांचे वेळापत्रक

मग जायचे की नाही? माझे उत्तर असे. जमत असेल तर दिवाळीच्या सुट्टीत किंवा डिसेंबर-जानेवारीत जा. द्राक्षवाल्याला त्या दिवसांत बाग सोडता येत नाही, हे मला कळते. ऊसवाल्याची तोडही तेव्हाच असते. म्हणून मे महिन्यातच जायचे ठरले, तर बैलांचे वेळापत्रक पाळा.

आपण उन्हाळ्यात औत कधी सोडतो? दहा-अकराला. पुन्हा कधी जुंपतो? चारनंतर. असले पार्क साधारण उघडतात दहा-अकरालाच. म्हणजे आपण जू सोडतो त्या वेळी तिथला दरवाजा उघडतो. ही एक गोष्ट ध्यानात आली की पुढचे सगळे सोपे आहे. शिरल्यावर पहिला तासभर उघड्यावरचे पाळणे उरका. बारा ते चार हा वेळ बंद दालनांसाठी आणि जेवणासाठी ठेवा. त्यातही दर दालनामागे धावू नका. एखाद्या गार उपाहारगृहात तास-दीड तास निवांत बसा. पोरे कुरकुरतील, कुरकुरू द्या. चारनंतर ऊन कलले की पुन्हा बाहेर पडा. तिकिटाचे पैसे संध्याकाळीही वसूल होतात.

शिवाय या गोष्टी पाळा.

१) रात्रभर प्रवास करून सकाळी थेट पार्कात शिरू नका. आदल्या दिवशी नातलगाकडे किंवा धर्मशाळेत मुक्काम करा.

२) तहानेची वाट पाहू नका. दर अर्ध्या तासाला घोट-घोट पाणी सगळ्यांनी प्यायचे, आत असताना सुद्धा. हे काम घरातल्या एका मोठ्या पोराकडे सोपवा.

३) आत शिरल्याबरोबर प्रथम पिण्याच्या पाण्याची जागा, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचार केंद्र पाहून ठेवा, आणि बायकामाणसांना ते आपणहून दाखवा. आपल्याकडे बाया प्रवासात पाणी पीत नाहीत ते कशासाठी, हे पुरुषांनी समजून घ्यावे. त्यांनी विचारायची वाट पाहू नये.

४) सुती सैल कपडे, टोपी, उपरणे, पांढरी छत्री. घामाने भिजलेल्या लहानग्याला एसीत नेण्यापूर्वी अंग पुसा आणि कोरडा सदरा घाला. थंडीने सर्दी होते असे आपण म्हणतो, पण सर्दी होते ती विषाणूमुळे, आणि बंद दालनातल्या गर्दीत तो पसरतो. दम्याच्या माणसाला मात्र थंड हवेच्या झोताने छाती आवळू शकते. त्याने झोताखाली बसू नये, औषध खिशात ठेवावे.

५) काही ठिकाणी बर्फाची दालने असतात, आत पारा शून्याच्याही खाली. ज्यांना हृदयविकार वा रक्तदाब आहे त्यांनी तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जाऊ नये. बाहेर आल्यावर लगेच उन्हात न जाता दहा-पंधरा मिनिटे सावलीत थांबावे.

६) उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत पोराला "जरा झोपू दे" म्हणून क्षणभरही ठेवू नका.

वेळ आलीच तर

घेरी, मळमळ, डोके दुखणे, पोटऱ्यांत गोळे, खूप घाम ही पहिली सूचना. सावलीत किंवा गार जागेत आडवे करा, पाय उंच ठेवा, कपडे सैल करा, घोट-घोट पाणी द्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती जलसंजीवनीचे प्रमाण पाठ असू द्या. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी या बाबतीत आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

पण माणूस बरळू लागला, शुद्ध हरपली, झटका आला, अंग चटका बसण्याइतके तापले, तर तो उष्माघात. घाम असो वा नसो. अशा वेळी अंगाचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि एकेक मिनिट मोलाचे असते. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काख, जांघ इथे बर्फ किंवा ओली फडकी ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जाते.

जाता जाता एक. तिथून आल्यावर मुले घरात एसी घ्या म्हणतील. घ्यायचा तर घ्या, पण २४ अंशांवर ठेवा. २०२० पासून नवे तारांकित एसी याच आकड्यावर लावून येतात. एकेक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा खात्याचे सांगणे आहे. त्याआधी पत्र्याला पांढऱ्या चुन्याचा हात द्या. गोठ्याच्या पत्र्यावर पाचट पसरा, पण चूल आणि विजेच्या तारा लांब ठेवून. खर्च थोडा आणि फरक पहिल्या दुपारीच कळेल.

तर भगिनी, सासूबाईंना जरूर न्या. आक्काही यंदा पुन्हा यायचे म्हणते आहे. मात्र या खेपेला आम्ही थंडीत जाणार आहोत, आणि पाण्याचा तांब्या माझ्या हातात असणार आहे.